नवख्याने पनवेल कसे पाहावे

पनवेल ज्याला ऐकून माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल; पण पनवेल नीट पाहिले आहे असा माणूसही शोधावाच लागेल. याचे कारण उघड आहे. कोकणातून मुंबईला जाणारा चाकरमानी असो, पुण्यासाताऱ्याकडून येणारा व्यापारी असो, की अलिबागहून कोर्टकचेरीच्या कामाला निघालेला शेतकरी असो, त्याची एस.टी. पनवेलला थांबते. तो खाली उतरतो, चहाचा घोट घेतो, पाण्याची बाटली भरून घेतो, कंडक्टरने घंटी दिली की पुन्हा जागेवर जाऊन बसतो. खिडकीतून दिसते ती गर्दी, रिक्षांची रांग, फळांच्या गाड्या आणि धूळ. त्यालाच आपण पनवेल म्हणतो आणि पुढे जातो.

आज मी तुम्हांला थोडा वेळ त्या गाडीतून खाली उतरवणार आहे. कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी यावे लागते, कुणाला आजारी माणसाला घेऊन यावे लागते, कुणी शिक्षक शाळेची सहल घेऊन येतो. आमच्या महाविद्यालयात दरवर्षी खेड्यांतून नवी मुले येतात. पहिले चार-सहा दिवस ती बुजलेली असतात. रस्ता ओलांडायला भितात, पत्ता विचारायला लाजतात आणि वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. हुशारीत ती शहरातल्या मुलांपेक्षा कमी नसतात. अडचण एवढीच की शहर त्यांच्यापुढे एकदम, सगळेच्या सगळे येऊन उभे राहते आणि त्यातले काय कशासाठी आहे हे कुणी सांगितलेले नसते. ज्या गोष्टीचे कारण कळत नाही तिची भीती वाटते. कारण कळले की भीती बरीचशी निघून जाते. म्हणून आज आपण पनवेलची कारणे पाहू.

कोणत्याही गावात पहिल्यांदा पाय ठेवला की मनाशी एक प्रश्न विचारावा : हे गाव इथेच का वसले? पनवेलच्या बाबतीत त्याचे उत्तर दोन शब्दांत देता येते. एक खाडी आणि दुसरा घाट. मुंबई बंदराच्या पूर्व अंगाला समुद्राचे पाणी जमिनीत शिरते, त्याची एक जीभ पनवेलपर्यंत येऊन पोचते. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आहे आणि त्या भिंतीतून देशावर चढणारा बोरघाट पनवेलच्या वाटेवर आहे. आगगाडी नव्हती त्या काळात मुंबईचा माणूस पुण्याला कसा जाई? तो होडीत बसे, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून पनवेलला येई आणि तिथून पुढे खुष्कीच्या वाटेने खालापूर-खोपोली करीत घाट चढे. माल जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० साली, घाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला आणि पनवेलचे महत्त्व एकदम वाढले. जिथे होडी संपते आणि बैलगाडी सुरू होते तिथे माल उतरवावा लागतो, साठवावा लागतो, पुन्हा भरावा लागतो. हमाल लागतात, वखारी लागतात, धर्मशाळा लागतात, सावकार लागतो. पेठ अशीच जन्माला येते.

त्या काळच्या इंग्रजी गॅझेटियरांत पनवेलची एक मोठी मजेदार नोंद आहे. या गावाचा मुख्य उद्योग कोणता, तर गाडीची चाके बनवणे! देशावरून माल घेऊन उतरलेला प्रत्येक गाडीवान परत जाताना इथून चाकांची एक जोडी घेऊन जाई, असे त्यात म्हटले आहे. आता विचार करून पाहा, हे किती स्वाभाविक आहे. घाट उतरून आलेल्या गाडीची चाके खिळखिळी झालेली असणार, जवळच्या डोंगरात लाकूड मुबलक, आणि गिऱ्हाईक तर रोज दाराशी येऊन उभे. सुतारांना आणखी काय हवे? आज पनवेलच्या महामार्गालगत टायरवाले, पंक्चरवाले, गॅरेजवाले दिसतात ना, ते त्या सुतारांचेच धंदेभाऊ म्हणायचे. वाहन बदलले, पण वाटेवरच्या गावाचा धंदा बदलला नाही.

यानंतर पनवेलच्या नशिबाने एक कलाटणी घेतली. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, पण ती गेली कल्याण-कर्जतच्या बाजूने. पनवेल बाजूला पडले. ज्या वाटेवर गाव जगत होते ती वाटच दुसरीकडे वळली. नगरपालिका मात्र इथे त्याआधीच, १८५२ साली, आलेली होती. राज्यातल्या अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. पेठ टिकली, तांदळाचा व मिठाचा व्यापार टिकला, परंतु गावाची वाढ मंदावली. शंभर वर्षे पनवेलला रेल्वे नव्हती. दिव्याहून पनवेलला लोहमार्ग आला तो १९६४ साली. पुढे १९९८ हे साल फार महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षी मुंबईची लोकल पनवेलपर्यंत येऊ लागली आणि त्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिच्या मुंबईकडच्या गाड्यांची वाट पनवेलवरून जाते. त्यानंतर पुण्याचा द्रुतगती महामार्ग आला; तो जवळच्या कळंबोलीपाशी सुरू होतो. कन्याकुमारीपर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे आपला गोव्याचा रस्ता, त्याचा आरंभ पनवेललाच आहे. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. तो विमानतळही पनवेल तालुक्यातच आहे. एका वाटेने सोडून दिलेल्या गावाकडे पुढच्या साठ वर्षांत चहूबाजूंनी वाटा आल्या. पनवेलची आजची गर्दी हिच्यातून आली आहे. ही गर्दी राहणाऱ्यांची जितकी आहे तितकीच जाणाऱ्या-येणाऱ्यांची आहे. हे ध्यानात ठेवले म्हणजे कुणी आपल्याला धक्का मारून पुढे गेला तरी फार वाईट वाटत नाही. त्याला बिचाऱ्याला गाडी गाठायची असते!

आता आपण चालायला लागू. नवख्याने प्रथम एक गोष्ट पक्की करावी, की आपल्याला जुन्या पनवेलला जायचे आहे की नव्या. रेल्वेच्या रुळांच्या पश्चिमेला जुने पनवेल आणि पूर्वेला नवीन पनवेल. स्थानकाला दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येते. चुकीच्या बाजूला उतरलात तर रिक्षावाल्याला मोठा वळसा घालावा लागतो आणि त्याचे पैसे तुम्हांला द्यावे लागतात. एस.टी.चे स्थानक जुन्या पनवेलच्या बाजूला, महामार्गावर आहे. ते रेल्वे स्थानकाला लागून नाही. ज्याच्याकडे जायचे त्याला निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे : पूर्व की पश्चिम? आणि जवळची खूण कोणती?

जुन्या गावात शिरलात की नावे कान देऊन ऐका. नावे फुकट पडत नाहीत. टपाल नाका, उरण नाका, मिरची गल्ली, लाईन आळी, कोळीवाडा. नाका म्हटले की तिथे कधीतरी रस्ता अडवून काहीतरी तपासले जात असले पाहिजे, किंवा दोन वाटा फुटत असल्या पाहिजेत. आळी म्हटले की एका व्यवसायाची किंवा एका बिऱ्हाडवस्तीची ओळ. मिरची गल्लीत काय विकत असतील हे मी सांगायला नको. कोळीवाडा दिसला की खाडी जवळ आली म्हणून समजावे. शिक्षकांनी मुलांना अशी नावे वहीत लिहून घ्यायला सांगावीत. इतिहासाच्या पुस्तकाचे एक पान आयते तयार होते.

दुसरी डोळ्यांत भरणारी गोष्ट म्हणजे तळी. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, इस्रायल अशी या गावाची तळी. नवख्याला प्रश्न पडतो, की कोकणात एवढा पाऊस पडतो, समोर खाडी भरलेली, मग गावाने तळी कशाला खणली? उत्तर सोपे आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण तो चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतो. खाडीचे पाणी खारट. म्हणजे मे महिन्यात चोहीकडे पाणी दिसते आणि प्यायला थेंब नाही, अशी गत. शहाण्या गावाने तळी बांधून ती अडचण निभावली. पुढे नगरपालिकेने गाढी नदीवर देहरंग येथे स्वतःचे धरण बांधले. आज वस्ती एवढी वाढली आहे की ते धरण पुरे पडत नाही. बाहेरून पाणी घ्यावे लागते आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात. खेड्यातल्या माणसाला वाटते, शहरात नळ सोडला की पाणी. तसे नसते. शहराचेही पाणी कुठल्या तरी खेड्याच्या डोंगरातून येते आणि तेही आटते. उलट, याच गाढीला २६ जुलै २००५ रोजी जो महापूर आला त्याने पनवेलची घरे-दुकाने बुडवली. कमी पाण्याचे दुःख आणि जास्त पाण्याचे दुःख, दोन्ही या गावाने एकाच नदीकाठी पाहिली आहेत. नदीनाल्याची वाट बांधून काढली की पाणी आपली वाट घरातून काढते, हे खेड्यातही खरे आहे.

मघाशी मी इस्रायल तळे म्हटले, ते ऐकून काहींना नवल वाटले असेल. हे तळे म्हणजे बेने इस्रायल समाजाची आठवण आहे. हे ज्यू लोक कित्येक पिढ्या या किनाऱ्यावर राहिले. मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचे बेथ एल नावाचे प्रार्थनामंदिर पनवेलला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. १९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायल देशात गेले, परंतु प्रार्थनामंदिर आणि तळ्याचे नाव इथे राहिले. त्याच पेठेत देवळे, त्याच पेठेत मशिदी, कोकणी मुसलमानांचे मोहल्ले, गुजराती-मारवाडी दुकाने, आगरी आणि कोळी वस्त्या. बंदराच्या गावाला परका माणूस हा रोजचाच. म्हणून नवख्याने अशा गावात संकोच करू नये. इथला आजचा रहिवासीही कधीतरी नवखाच होता. फार तर त्याचा आजा असेल.

जुन्या पनवेलचे आणखी एक नाव घराघरांत पोचलेले आहे, ते श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याचे. १८७२ साली वैद्य पुराणिकांनी तो इथे सुरू केला. जवळ सह्याद्रीच्या वनस्पती आणि समोर मुंबईची बाजारपेठ, अशी ही जागा आहे. इथे पुन्हा खाडी आणि घाट यांचीच गाठ पडलेली दिसते.

आता रूळ ओलांडून पलीकडे जाऊ. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर. इथे आल्यावर नवखा वेगळ्याच तऱ्हेने चक्रावतो. जुन्या गावात रस्ते वाकडे पण नावे ओळखीची. इथे रस्ते सरळ पण नावांच्या जागी आकडे! सेक्टर अमुक, भूखंड तमुक, इमारत तमकी. सगळ्या इमारती एकमेकींच्या बहिणी. याचेही कारण आहे. मुंबईवरचा भार कमी करावा म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि त्यासाठी १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतली पंचाण्णव गावे त्या आराखड्यात आली. हे शहर वसले नाही, आखले गेले. जे गाव वाढत वाढत होते त्याला नावे मिळतात; जे कागदावर आखले जाते त्याला क्रमांक मिळतात. या भागात पत्ता काढताना आधी वसाहतीचे नाव, मग सेक्टर, मग भूखंड, मग इमारत, असा क्रम धरावा. नुसते 'सेक्टर दहा' म्हणून चालत नाही; सेक्टर दहा खारघरलाही असतो आणि कामोठ्यालाही असतो. चिठ्ठीवर वसाहतीचे नाव नसेल तर दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

पण या सरळ रस्त्यांवरून चालताना एक जागा अशी येते, की रस्ता एकदम अरुंद होतो. घरे खेटून उभी, एक देऊळ, पुढे पार, दारात सुकत घातलेली मासळी, अंगणात चौकडीचा रुमाल खांद्यावर टाकून बसलेला म्हातारा. हे मूळचे गावठाण. बाहेरून आलेला माणूस म्हणतो, एवढ्या नव्या शहरात हे खेडे कुठून आले? श्रोतेहो, प्रश्न उलटा विचारला पाहिजे. खेडे होतेच, शहर नंतर आले. या भागातल्या आगरी शेतकऱ्यांनी खाडीच्या तोंडाशी बांध घालून, खारे पाणी अडवून भाताची शेते तयार केलेली होती. मिठागरे होती, मासेमारी होती. त्या जमिनींवर आज हे सेक्टर उभे आहेत. आपण शहर पाहायला जातो. इथे शहरच गाव पाहायला आले आणि मुक्कामाला राहिले.

ते सुखासुखी झाले नाही. जमिनीला मिळालेला मोबदला फार थोडा होता. पनवेलचे आमदार राहिलेले वकील दि. बा. पाटील यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या बलिदानातून पुढे एक तत्त्व मान्य झाले : ज्याची जमीन गेली त्याला तिच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत मिळावा. म्हणजे पैसे घेऊन बाजूला हो असे न म्हणता, जे शहर होणार त्यात तुझाही वाटा असे म्हणणे. विमानतळाच्या वेळी हा वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. त्या विमानतळासाठी दहा गावे उठली, तीन हजारांहून अधिक कुटुंबे दुसरीकडे गेली, उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे ही तिथली गावे. विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून २०२१ साली या भागातल्या हजारो लोकांनी मानवी साखळी केली, सिडकोवर मोर्चा नेला. नवख्याला वाटेल, नावासाठी एवढा आग्रह कशाला? ज्यांच्या गावांची नावे नकाशावरून पुसली गेली त्यांना एका नावाची किंमत कळते.

ही हकिकत मी सांगतो आहे ती तक्रार म्हणून नव्हे. शहराने पुष्कळ दिलेही आहे. दवाखाने आले, महाविद्यालये आली, मुलींना घराजवळ शिकता येऊ लागले, नोकऱ्या आल्या. पण हिशोबाला दोन बाजू असतात आणि शहर पाहणाऱ्याने दोन्ही वाचाव्यात. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीने हजारो हातांना काम दिले. तिच्याच सांडपाण्याने कासाडी नदी नासली आणि खाडीतल्या कोळ्यांच्या जाळ्यात मासा येईनासा झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुनी नगरपालिका, सिडकोच्या वसाहती आणि एकोणतीस गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ती पहिली महानगरपालिका. तेव्हापासून जुने गाव, नव्या वसाहती आणि गावठाणे ही तिन्ही एका छपराखाली आली आहेत. एकाच घरात तीन चुली असल्या की जशी कुरकुर असते तशी ती इथेही आहे. कर किती भरायचा, कुणाला, आणि त्याबदली पाणी किती मिळणार, यावर वाद होतातच.

आता थोडे व्यवहाराचे बोलू, कारण बऱ्याच जणांना इथे कामासाठीच यायचे असते.

लोकलची भीती बाळगू नका. पनवेल हे लोकलचे शेवटचे स्थानक आहे. याचा फायदा असा, की मुंबईहून परतताना 'पनवेल' अशी पाटी असलेल्या गाडीत बसलात की पुढे निघून जाण्याची भीती नाही, आणि जाताना गाडी इथूनच सुटत असल्यामुळे थोडे आधी पोचलात तर बसायला जागा मिळण्याचा संभव अधिक. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत साधारण सव्वा ते दीड तास लागतो. ही गाडी वाशी-कुर्ल्यावरून जाते. दादर-परळकडे जायचे असेल तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी पनवेलकडे गर्दी उसळते. म्हातारी माणसे आणि आजारी माणूस बरोबर असेल तर दुपारची वेळ धरावी. स्त्रियांसाठी आणि अपंगांसाठी वेगळे डबे असतात. ते फलाटावर कुठे येतात हे आधी विचारून तिथे उभे राहावे.

कर्करोगाच्या उपचारासाठी कोकणातून आणि घाटावरून फार लोक येतात. त्यांना एक सूचना. टाटा म्हटले की आपण परळच समजतो. परंतु टाटा स्मारक केंद्राची एक मोठी संस्था खारघरलाही आहे. हातातल्या कागदावर परळ लिहिले आहे की खारघर, हे घरूनच एखाद्या शिक्षकाकडून वाचून घ्यावे. आजारी माणसाला उगाच दोन-दोन तास फिरवण्यापेक्षा तेवढे वाचून घेतलेले बरे. आणि गावोगावच्या शिक्षकांनो, असा कागद घेऊन कुणी दारात आला तर दोन मिनिटे द्या. चिठ्ठीच्या मागे स्वच्छ अक्षरात स्थानकाचे नाव, बाजू, जवळची खूण आणि कुणाचा तरी फोन नंबर लिहून द्या. तेवढ्या चार ओळींवर त्या माणसाचा सगळा दिवस तरून जातो.

पत्ता विचारायचा तर कुणाला विचारावा? पळणाऱ्याला विचारू नये, बसलेल्याला विचारावा. औषधाचा दुकानदार, टपालवाला, पाववाला, वर्तमानपत्राचा स्टॉलवाला, स्थानकावरचा पोलीस ही माणसे जागची हलत नाहीत आणि त्यांना परिसर पाठ असतो. एकाला विचारले की थोडे पुढे जाऊन दुसऱ्यालाही विचारावे; दोन्ही उत्तरे जुळली म्हणजे रस्ता बरोबर. रिक्षात बसण्यापूर्वी भाडे विचारावे, आणि रिक्षा एकट्याची की वाटून घ्यायची तेही विचारावे. पैसे एकाच खिशात ठेवू नयेत. चौघे असाल तर चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते उतरल्याबरोबर ठरवून टाकावे. आणि 'मी नवखा आहे' हे सांगायला लाजू नये. लाजणारा माणूस चुकीच्या गाडीत बसतो, विचारणारा बसत नाही. हल्ली फोनवर नकाशा असतो. तो जरूर वापरावा. तो कुठे वळायचे ते सांगतो. मात्र रस्ता तिथे का वळतो हे त्याला माहीत नसते. ते तुम्हांला माणसांकडूनच कळेल.

शिक्षकबंधू-भगिनींनो, सहलीसाठी पनवेलची एक दिवसाची आखणी सुचवतो. सकाळी कोळीवाड्याकडून खाडी दाखवा आणि इथे होड्या लागत हे सांगा. मग पेठेतून पायी फिरवा, एखाद्या तळ्याकाठी मुलांना डबे खाऊ द्या आणि तिथेच पाण्याचा धडा घ्या. रेल्वेच्या पुलावर उभे करून जुने आणि नवे पनवेल एका नजरेत दाखवा. त्यानंतर एखादी वसाहत आणि तिच्या पोटातले गावठाण दाखवा. दुपारी पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागा. वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. पुढे कर्नाळा आहे. १९६८ साली तिथे पक्षी अभयारण्य झाले, आणि त्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला किल्ल्याचा सुळका दुरूनही दिसतो. हा किल्ला इथे कशासाठी, असे मुलांना विचारा. ज्यांनी सकाळी खाडी आणि घाट नीट पाहिला असेल ती मुले आपण होऊन सांगतील, की वाटेवर नजर ठेवायला.

परत आल्यावर मुलांना नुसता 'आमची सहल' हा निबंध लिहायला सांगू नका. एक नकाशा काढायला सांगा आणि त्यावर पाच प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगा. हे गाव इथे का वसले? त्याचे पाणी कुठून येते? लोक कशावर पोट भरतात? कोण बाहेरून आले आणि कुणाला जावे लागले? घाण कुठे जाते? या पाच प्रश्नांची उत्तरे देता आली की कोणतेही शहर परके राहत नाही. मुंबई नाही, दिल्लीही नाही.

हेच पाच प्रश्न आपल्या स्वतःच्या गावालाही विचारून पाहावेत असे मला वाटते. २०१३ साली विमानतळाभोवतालचा मोठा टापू नियोजनासाठी अधिसूचित झाला. त्यात आजूबाजूची कितीतरी खेडी आली. जे खारघरने पाहिले ते उद्या आणखी काही गावे पाहतील. रस्त्याची आखणी होते तेव्हा, मोजणीदार शिवारात येतो तेव्हा, ग्रामसभेपुढे आराखडा येतो तेव्हा, नकाशा वाचता येणारा, सात-बारा समजणारा आणि प्रश्न विचारायला न लाजणारा माणूस गावात असावा लागतो. असा माणूस आयत्या वेळी मिळत नाही. तो शाळेत घडतो, बाजारात घडतो, आणि एखाद्या दिवशी पनवेलच्या स्थानकावर उतरून 'हे इथेच का?' असे विचारता विचारताही घडतो. तेव्हा पुढच्या खेपेला तुमची गाडी पनवेलला थांबेल तेव्हा, सवड असेल तर, ती गाडी जाऊ द्या आणि पुढचीने जा.